एकात्मिक नियोजन : आराखडा कोणाचा, निर्णय कोणाचा?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका महाविद्यालयाचा ‘पर्स्पेक्टिव्ह प्लॅन’ वाचत होते. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, आत ध्येय, दृष्टी, उद्दिष्टं वगैरे. सहाव्या पानावर अचानक दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव आलं. ‘या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या गरजा लक्षात घेऊन’ असं वाक्य होतं आणि तो जिल्हा तिथून तीनशे किलोमीटर लांब. कुणीतरी दुसऱ्या कॉलेजची फाइल उचलून नाव बदललं होतं आणि एका जागी बदलायचं राहिलं होतं.

मला फार आनंद झाला. शोधनिबंधाला इतकी चटकदार सुरुवात रोज थोडीच मिळते! मी दोन पानं उपरोधानं भरून गाईडना दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि विचारलं, “आराखडा वाचलास. निर्णय कुठं वाचलास?”

त्या प्रश्नानं माझे पुढचे सहा महिने खाल्ले. या पोस्टमध्ये मला त्याच प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. तुमच्यापैकी अनेक जण शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य-व्यवस्थापन अशा विषयांत प्रपोजल लिहायच्या तयारीत आहेत आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून ‘उच्च शिक्षण संस्थांमधील नियोजन’ हा विषय बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये दिसतो. विषय चांगला आहे. पण त्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडून आले आहे.

कल्पना मुळात काय आहे?

एकात्मिक नियोजन म्हणजे इंटिग्रेटेड प्लॅनिंग. अमेरिकेत या विचाराचा मुख्य पुरस्कार करणारी संस्था म्हणजे सोसायटी फॉर कॉलेज अँड युनिव्हर्सिटी प्लॅनिंग. ती १९६५ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं विद्यार्थिसंख्या झपाट्यानं वाढत होती, कॅम्पस पसरत होते. इमारती बांधणारे, पैशाचा हिशोब ठेवणारे आणि अभ्यासक्रम ठरवणारे असे तीन गट एकमेकांशी न बोलता आपापल्या योजना करत होते. त्यांनी एकत्र बसावं, शैक्षणिक उद्दिष्टं आधी ठरावीत, मग त्यांना लागणारी माणसं, जागा आणि पैसा त्याच धाग्यात ओवला जावा, दरवर्षी तपासणी व्हावी आणि गरजेप्रमाणे योजना बदलावी, हा या कल्पनेचा गाभा.

आपल्याकडचं साधं उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रामीण महाविद्यालयाला बीएस्सीला संगणकशास्त्र सुरू करायचं आहे. तर काय काय लागेल? विद्यापीठाची परवानगी. शिकवायला पात्र शिक्षक. प्रयोगशाळा, आणि तिला पुरेल इतका विजेचा भार. वेळापत्रकात प्रात्यक्षिकांसाठी सलग तास. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची शेवटची एसटी सापडेल अशी सुटण्याची वेळ. फी किती, शिष्यवृत्ती कुणाला आणि ती हातात पडेपर्यंत विद्यार्थी काय करणार, हेही. यातली एक कडी निसटली तरी कोर्स कागदावर चालू आणि वर्गात बंद अशी अवस्था होते. म्हणून सगळ्याचा एकत्र विचार करा, असं कुणी म्हटलं तर त्याला विरोध कोण करणार?

कुणीच करत नाही, आणि माझ्या संशयाची सुरुवात तिथूनच झाली. ज्या कल्पनेला कुणाचाच विरोध नाही, ती प्रत्यक्षात कुणाला काही सोडायला लावत नसावी.

एका कॉलेजचे तीन आराखडे

महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयावर आज किमान तीन प्रकारच्या नियोजनाची सावली असते. तिन्ही नीट वेगळे करून समजून घ्या, कारण बऱ्याच प्रबंधांत त्यांची खिचडी झालेली दिसते.

पहिला आराखडा विद्यापीठाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ नुसार प्रत्येक विद्यापीठानं दर पाच वर्षांसाठी सम्यक योजना करायची असते. वर्तमानपत्रांत तिलाच ‘बृहत आराखडा’ म्हणतात. नवी महाविद्यालयं कुठं असावीत हा तिचा मुख्य विषय. सोयींचं वाटप न्याय्य व्हावं आणि जिथं सोय नाही किंवा अपुरी आहे अशा भागांकडे विशेष लक्ष द्यावं, असं कायदाच सांगतो. ही योजना अधिष्ठाता मंडळ तयार करतं आणि मग ती विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा अशा पायऱ्या चढते. हे एकदम नवीन नाही. १९९४ च्या जुन्या विद्यापीठ कायद्यातही कलम ८२ मध्ये अशाच योजनेची तरतूद होती.

दुसरा आराखडा नॅकसाठीचा. नॅकच्या २०१७ पासूनच्या सात निकषांच्या चौकटीत सहावा निकष प्रशासन आणि नेतृत्वाचा आहे. त्यात संस्थेचा दीर्घकालीन आराखडा आहे का आणि तो अमलात येतो का, हे विचारलेलं असतं. माझ्या हाती लागलेली ती स्पायरल बाइंडिंगची प्रत याच जातीची.

तिसरा, संस्थात्मक विकास आराखडा, म्हणजे आयडीपी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक संस्थेनं तो करावा असं म्हटलं. अभ्यासक्रम सुधारण्यापासून वर्गातल्या अध्यापनाच्या दर्जापर्यंतचा शैक्षणिक आराखडा या मोठ्या आराखड्यात सामावून घ्यावा, नियामक मंडळ, प्राचार्य, शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी तो मिळून करावा आणि पुढच्या सार्वजनिक निधीला तो आधार ठरू शकेल, असं धोरण सांगतं. नंतर यूजीसीनं त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. धोरणाच्या मजकुरात ‘एकात्मिक’ विचार सर्वांत स्पष्टपणे इथंच उतरलेला आहे.

आता गंमत बघा. नियोजन ‘एकात्मिक’ असावं म्हणून आलेले हे तीन आराखडे एकमेकांशी बोलतच नाहीत. पहिला जागेबद्दल बोलतो, दुसरा पुराव्याबद्दल आणि तिसरा आकांक्षेबद्दल. वाचणारेही तीन वेगळे.

पहिला आक्षेप : जोडणारा कर्ता कोण?

एकात्मिक नियोजनाचं बहुतेक साहित्य एक गोष्ट गृहीत धरतं. ती म्हणजे, योजना करणारी संस्था आणि निर्णय घेणारी संस्था एकच आहे. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात अध्यक्ष असतो, विश्वस्त मंडळ असतं, स्वतःचं अंदाजपत्रक असतं. शिक्षक किती घ्यायचे हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. तिथं ‘शैक्षणिक योजना आणि अंदाजपत्रक जोडा’ या वाक्याला अर्थ आहे, कारण दोन्हीची दोरी एकाच इमारतीत आहे.

आपल्या संलग्न अनुदानित महाविद्यालयाकडे बघा. अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद ठरवते. नव्या कोर्सला अंतिम मान्यता राज्य शासन देतं. अनुदानित पदं मंजूर करायची आणि भरायला परवानगी द्यायची ती शासनानंच, आणि त्यात वित्त विभागाचा शब्द जड. शिक्षकाची पात्रता यूजीसी ठरवते. इमारत आणि जमीन शिक्षण संस्थेची, म्हणजे ट्रस्टची. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटीवरून, वेगवेगळ्या विभागांच्या खात्यांतून येतात. प्राचार्यांच्या हातात नक्की काय उरतं? वेळापत्रक, किरकोळ खर्च, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि जमेल तेवढी समजूत.

अशा ठिकाणी ‘येत्या पाच वर्षांत तीन नवे पदव्युत्तर विभाग सुरू करू आणि पूर्णवेळ शिक्षकांची संख्या दुप्पट करू’ असं आयडीपीत लिहिलं, तर त्याला योजना कसं म्हणायचं? ते विनंतीपत्र झालं, आणि तेही कुणाच्या नावानं लिहिलं हे न सांगता.

धोरणाच्या बाजूनं इथं एक उत्तर देता येतं आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. धोरण संलग्नतेची पद्धतच टप्प्याटप्प्यानं, साधारण पंधरा वर्षांत, संपवायची म्हणतं. महाविद्यालयं स्वायत्त होतील, स्वतः पदवी देतील, त्यांना स्वतःचं नियामक मंडळ असेल. म्हणजे आयडीपी ज्या संस्थेसाठी बेतला आहे, ती संस्था अजून यायची आहे. माझं म्हणणं एवढंच की उद्याच्या माणसाच्या मापाचा सदरा आजच्या पोराला घातला, तर बाह्या लोंबणारच. तोपर्यंत आयडीपीत काय लिहायचं, याचं उत्तर मार्गदर्शक सूचनांनी द्यायला हवं होतं. प्रत्येक उद्दिष्टापुढे ‘हा निर्णय कोणाच्या अधिकारात आहे’ असा एक रकाना सक्तीचा केला असता, तरी अर्धी फसवणूक टळली असती.

दुसरा आक्षेप : उद्दिष्टं एकमेकांशी भांडतात

‘एकात्मिक’ हा शब्द ऐकायला गोड आहे. सगळं एका सुरात येईल असं वाटतं. पण शिक्षणातली उद्दिष्टं एका सुरात येत नाहीत, हे आपल्याच मातीतल्या माणसानं पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे आणि कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातला हाती न लागणारा त्रिकोण आहे, अशी मांडणी त्यांनी १९७५ च्या पुस्तकात केली. एक बाजू ओढली की उरलेल्या दोन ताणल्या जातात. ज्यांना शैक्षणिक नियोजनावर काम करायचं आहे, त्यांनी परदेशी मॉडेलांच्या आधी नाईक वाचावेत. मी उलट्या क्रमानं वाचले आणि पस्तावले.

आता हा त्रिकोण आजच्या आराखड्यांवर ठेवून बघा. २०२१–२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या महाविद्यालयांची संख्या ४५ हजारांहून जास्त आहे आणि महाराष्ट्रातली सुमारे ४,७००, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल. देशाचं स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होतं आणि धोरणाचं लक्ष्य २०३५ पर्यंत ५० टक्के आहे. म्हणजे संख्या वाढवायची. त्याच धोरणाला महाविद्यालयं मोठी आणि बहुविद्याशाखीय हवी आहेत, म्हणजे गुणवत्तेसाठी एकत्रीकरण. आणि कलम १०७ ला वंचित भागात सोय हवी आहे, म्हणजे समतेसाठी विखुरणं. दुर्गम तालुक्यातल्या दोनशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजचं काय करायचं? मोठं करायचं, जवळच्या शहरातल्या कॉलेजात विलीन करायचं, की लहानच ठेवून जास्त पैसे द्यायचे? यातलं काहीही निवडलं तरी कुणाचं तरी नुकसान आहे. मी वाचलेल्या आराखड्यांत ही निवड दिसत नाही. त्यांत तिन्ही गोष्टी एकाखाली एक बुलेट पॉइंटमध्ये सुखानं नांदतात.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचा १९६० चा मास्टर प्लॅन बघा. क्लार्क केर यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्या योजनेनं तीन स्तर ठरवले. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी पात्र, वरचे एक तृतीयांश स्टेट कॉलेजांसाठी आणि ज्युनिअर कॉलेजं सगळ्यांना खुली. संशोधन आणि डॉक्टरेट मुख्यतः पहिल्या स्तराकडे, स्टेट कॉलेजांना स्वतंत्रपणे डॉक्टरेट देता येणार नाही. या योजनेवर पुढे खूप टीका झाली, वरच्या स्तरावर कोण पोचतं आणि खालच्या स्तरावर कोण अडकतं यावरून. ती टीका योग्यही आहे. पण टीका करता आली, याचं कारण योजनेनं काहीतरी ठरवलं होतं. तिनं स्पष्ट शब्दांत कुणाला तरी ‘नाही’ म्हटलं होतं.

म्हणून आता कुठलाही आराखडा हातात आला की मी आधी एक गोष्ट शोधते. हा आराखडा कुणाला, कशाला नकार देतो? पन्नास पानांत एकही नकार नसेल, तर त्या कागदात निवड झालेली नाही असं धरून चालायचं.

या कसोटीवर एक अनपेक्षित निकाल लागतो. आपल्या तीन आराखड्यांपैकी सर्वांत रूक्ष, सरकारी भाषेतला बृहत आराखडाच त्यातल्या त्यात खरा ठरतो. कलम १०९ प्रमाणे नव्या महाविद्यालयाचा अर्ज या योजनेशी सुसंगत नसेल तर विद्यापीठानं तो विचारात घ्यायचा नाही. पुढे इरादापत्र आणि मग अंतिम मान्यता. म्हणजे या कागदाला दात आहेत. एखाद्या गावाचं नाव यादीत आहे की नाही यावर तिथं कॉलेज निघणार की नाही हे ठरतं. म्हणून त्या यादीवर हरकती येतात, बैठकांत आवाज चढतात. नॅकच्या आराखड्यावर आवाज चढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तिसरा आक्षेप : मोजतो ते काय?

पण दात आहेत म्हणून तो आराखडा पुरेसा आहे असं नाही. बृहत आराखड्याची नजर मुख्यतः ठिकाणांवर असते. अमुक तालुक्यात कला-वाणिज्य, तमुक ठिकाणी विधी, एखादं रात्र महाविद्यालय. ठिकाण मिळालं की सोय झाली, असं त्यात गृहीत धरलं जातं.

वर्गात जाऊन बघा. शिकवणारं माणूस नसेल तर ठिकाणाचा उपयोग काय? राज्यातली बरीच नवी महाविद्यालयं कायम विनाअनुदानित तत्त्वावर निघतात. तिथं शिक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या फीतून निघायचा असतो. जिथं सोय नाही त्या भागातली मुलं जास्त फी देऊ शकत नाहीत. म्हणजे योजना ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्याच खिशावर तिचा खर्च टाकला जातो आणि त्यांचा खिसा रिकामा असल्यामुळे शिक्षक तासिका तत्त्वावर, तोही दोन कॉलेजांत धावणारा. अनुदानित महाविद्यालयांतही निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, हे नेट-सेट होऊन वाट बघणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांना मी सांगायला नको.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे एखाद्या कोर्सचे एकूण तास माहीत असतील, तर किती शिक्षक लागतील हे कुणालाही कागदावर काढता येतं. मग बृहत आराखड्यात गावाच्या नावापुढे ‘लागणारे शिक्षक’ आणि ‘त्यांचा पगार कोण देणार’ हे दोन रकाने का नसतात? माझा अंदाज असा की ते घातले तर यादी फार छोटी होईल. जागा मंजूर करायला आज पैसे लागत नाहीत, शिक्षक मंजूर करायला लागतात. शैक्षणिक योजना आणि पैसा जोडणं हा एकात्मिक नियोजनाचा मूळ मुद्दा, आणि तीच कडी आपल्याकडे सोयीस्करपणे सुटी ठेवली आहे.

अंतराचंही तसंच. आराखडा किलोमीटर मोजतो. विद्यार्थिनी एसटीच्या वेळा मोजते. बारा किलोमीटरवरचं कॉलेज दिवसाला दोन गाड्या असतील तर लांब आणि पंचवीस किलोमीटरवरचं रस्त्यावरचं कॉलेज जवळ. यावर साध्या नकाशानं उत्तम काम होऊ शकतं. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, मी हक्क सांगणार नाही.

पण टीका इथंच थांबवू नका

इथपर्यंत येऊन ‘नियोजन म्हणजे कागदी खेळ’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही झाला होता. त्याला पाठबळ देणारं वाचनही भरपूर मिळतं. रॉबर्ट बर्नबॉम यांनी २००० साली उच्च शिक्षणातल्या व्यवस्थापकीय फॅशनांवर पुस्तक लिहिलं. साठच्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्यातून आलेली कार्यक्रमाधारित अंदाजपत्रक पद्धत, म्हणजे पीपीबीएस, मग शून्याधारित अंदाजपत्रक, स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग, टोटल क्वालिटी मॅनेजमेंट. एकेक पद्धत दुसऱ्या क्षेत्रातून आली, गाजली, विरली आणि पुढची आली. हेन्री मिंट्झबर्ग यांनीही १९९४ मध्ये स्ट्रॅटेजिक प्लॅनिंगची अशीच झाडाझडती घेतली.

त्याहून जुना आणि माझ्या मते जास्त उपयोगी असा विचार कार्ल वाइक यांचा, १९७६ चा. शिक्षणसंस्था ‘सैल जोडणीच्या’ असतात असं ते म्हणतात. प्राचार्यांच्या कार्यालयात काय ठरलं याचा रसायनशास्त्राच्या वर्गावर फारसा परिणाम होत नाही, आणि उलटही. आता नीट लक्ष द्या. वाइक या सैलपणाकडे निव्वळ दोष म्हणून बघत नाहीत. एका भागातली पडझड दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, एखादा विभाग स्वतःच्या हिमतीवर प्रयोग करू शकतो, हे त्याचे फायदेही आहेत. आपल्याकडे एखाद्या मोडकळीला आलेल्या कॉलेजात एकच विभाग जिद्दीनं चांगला चाललेला असतो. तो या सैलपणामुळेच तगतो. सगळं घट्ट जोडलं असतं, तर बाकीच्यांबरोबर तोही बसला असता. म्हणजे एकात्मिक नियोजनावरचा सर्वांत गंभीर प्रश्न असाही विचारता येतो : सगळं जोडायलाच हवं का? काय जोडायचं आणि काय मोकळं सोडायचं?

माझं आजचं उत्तर असं. पैसा, पदं आणि परवानगी या तीन गोष्टी घट्ट जोडाव्यात, कारण त्या सुट्या राहिल्या की भुर्दंड विद्यार्थ्यावर पडतो. शिकवणं, संशोधन, विभागाचे उपक्रम मात्र सैल ठेवावेत. आज नेमकं उलट चाललं आहे. पैसा, पदं, परवानगी तीन दिशांना, आणि शिक्षकानं वर्गात काय केलं याचे पुरावे मात्र फोटो आणि अहवालासह घट्ट बांधलेले. मी चूक असेन, पण तपासून पाहण्यासारखं हे विधान आहे.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. आराखडा कितीही पोकळ असला तरी कायद्यातलं वाक्य पोकळ नसतं. ‘सोय नसलेल्या भागांकडे विशेष लक्ष’ हे कायद्यात लिहिलेलं आहे म्हणून एखादा पालक, एखादी संघटना, अधिसभेचा एखादा सदस्य उभा राहून विचारू शकतो की आमच्या तालुक्याचं काय झालं. २०११ मध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. तोपर्यंत तिथल्या महाविद्यालयांना नागपूर गाठावं लागे. असमतोलाची भाषा सार्वजनिक जीवनात टिकून राहिली नसती तर असे निर्णय झाले नसते. कागद टाकून द्यायचा नसतो, त्याला त्याच्याच शब्दांत पकडायचं असतं.

तुमच्या प्रपोजलसाठी

‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आराखड्यांचा चिकित्सक अभ्यास’ हा विषय घेऊन तुम्ही आराखडेच गोळा केले, तर फार तर माझ्यासारखी दोन पानं उपरोध हाती लागेल. आराखडा हा नियोजनाचा पुरावा नसतो. आराखडा तयार झाला, एवढ्याचाच तो पुरावा असतो.

त्याऐवजी एक निर्णय धरा आणि त्याचा माग काढा. एक कोर्स सुरू झाला किंवा बंद पडला, एक पद भरलं किंवा रिकामं राहिलं. तो निर्णय कुठल्या टेबलावर, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं झाला? त्या वेळी आराखड्यात काय लिहिलं होतं? आधी आराखडा आणि मग निर्णय, की आधी निर्णय आणि मग त्याला साजेसा आराखडा? तारखांचा एवढा क्रम लावला तरी एक प्रकरण उभं राहतं.

कागद कुठं मिळतात? शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. विद्यापीठांचे बृहत आराखडे आणि अधिसभेची कार्यवृत्तं बऱ्याचदा त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. १० रुपयांचा अर्ज, सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. दस्तऐवजाचं नाव, वर्ष, विषय लिहा. कॉलेजमध्ये तीन कागद मागा : कार्यभार तक्ता, बिंदुनामावली आणि गेल्या पाच वर्षांचं अंदाजपत्रक. आराखडा चौथ्या नंबरला.

मुलाखतींबद्दल एक सावधगिरी. प्राचार्यांना ‘तुम्ही नियोजन कसं करता?’ असं विचारलंत तर नॅकच्या भाषेत उत्तर मिळेल. तो त्यांचा दोष नाही, तुमच्या प्रश्नाचा आहे. ‘गेल्या वर्षी जूनमध्ये भूगोलाचे तास कोण घेणार हे कधी आणि कसं ठरलं?’ असं विचारा. मग खुर्ची पुढे ओढून माणूस बोलायला लागतो.

मी त्या स्पायरल बाइंडिंगच्या कॉलेजात पुन्हा गेले. या वेळी कार्यालयीन अधीक्षकांना भेटले. त्यांच्या कपाटात एक जाड वही होती. विषयवार तास, कोण कधी निवृत्त होणार, कुठल्या पदाचा प्रस्ताव कधी पाठवला, कधी परत आला, काय त्रुटी काढली, सगळं हातानं लिहिलेलं, लाल-निळ्या पेनानं. तासिका तत्त्वावरच्या कुठल्या सरांना दुसऱ्या कॉलेजातून यायला किती वाजतात आणि म्हणून त्यांचा तास कितवा लावायचा, हेसुद्धा. मी विचारलं, हे आराखड्यात का नाही? ते म्हणाले, “मॅडम, ते कमिटीला दाखवायचं असतं. हे चालवायला लागतं.”

सहाव्या पानावरच्या त्या चुकीच्या जिल्ह्याचा उल्लेख मी प्रबंधातून काढून टाकला आहे. आता त्या वहीवर एक प्रकरण आहे. ती वही निवृत्तीनंतर कुणाच्या हाती द्यायची हे अधीक्षकांनाही अजून ठरवता आलेलं नाही, कारण त्यांच्या पदाचा प्रस्तावही त्याच वहीत ‘परत आला’ या रकान्यात आहे.

पुढच्या पोस्टमध्ये बिंदुनामावली कशी वाचायची ते लिहीन. तोपर्यंत तुमच्या जवळच्या विद्यापीठाचा बृहत आराखडा उघडा आणि तुमच्या तालुक्याचं पान शोधा.